चुकलेला काळ

मंगळवार, ४ मार्च
दुपारी, दुकानातून

प्रिय ताईस,

तुझ्या धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही इकडे बरे आहोत. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा छिन्नीला धार लावायला उठलो. आता छिन्न्यांनी भाजी चिरता येईल.

भाऊजींच्या थडग्याचा दगड तयार आहे. म्हणजे, होता. तू पाठवलेलं वाक्य, ‘शेवटी देवच जिंकेल’, खडूने नीट आखलं होतं. कोरताना ‘क’वरची मात्रा राहिली, ‘ल’ला काना लागला आणि झालं ‘जिंकला’. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालक म्हणाले, “अरे, तुझी बहीण व्याकरण शिकवते ना? भूतकाळ बघून कान उपटेल तुझे!” सगळे हसले. मीही हसलो.

भाऊजी मात्र नेहमी ‘जिंकला’च म्हणायचे. दवाखान्यातल्या बनावट औषधांची तक्रार लिहीत होते, तेव्हा मी चिडवलं होतं, “देव जिंकला, मग हे खोके अजून कसे येतात?” म्हणाले, “प्रभूचं थडगं रिकामं झालं त्याच दिवशी निकाल लागला रे. आता उरलीय ती अंमलबजावणी.”

तू तीनदा विचारलंस, त्या दुपारी मी कुठे होतो. चहाला गेलो होतो, असं तुला सांगितलं, पोलिसांनाही सांगितलं. नव्हतो गेलो. आमच्या दुकानासमोर भाऊजींना ठार मारलं, तेव्हा मी अर्धं शटर ओढून आत एकटा उभा होतो. हातात हातोडा होता, ताई. मारणाऱ्या तिघांचे चेहरे दिसले. भाऊजींची नजर एकदा शटरकडे आली. मी आत आहे हे त्यांना कळलं होतं, आणि तरी त्यांनी मला हाक मारली नाही.

सोमवारी सुनावणी आहे. साक्षीदार नाही म्हणून ते तिघं सुटणार, असं सगळे धरून चाललेत. काल सरकारी वकीलबाईंना जाऊन सगळं सांगून आलो. मला भीती वाटते. तुझी भावजय भरदुपारीही दाराला दोन कड्या लावते.

तुझी क्षमा मागायची आहे, पण ती समोर उभं राहून मागीन.

दगडाचं एवढंच सांगतो. सोमवारी कोर्टातून परत आलो, तर तू म्हणशील तसा नवा कोरीन. नाही आलो, तर हाच बसव. भाऊजींचं व्याकरण बरोबर होतं.

तुझा,
त्या दुपारी शटरमागे असलेला,
धाकटा