थांबवलेलं विमान

तीर्थरूप बाबांना लेकीचा वाकून नमस्कार.

काल मी निघायच्या बेतातलं विमान थांबवलं! मालाच्या वजनाच्या कागदावर सही केली आणि मनात आलं, शेवटच्या खेपेपुढे आधीच्याच खेपेचं वजन तर लिहिलं नाही ना?

साहेब करवादले, "बाई, दोनशे प्रवासी आत बसलेत. शंका खोटी निघाली तर उद्यापासून घरीच बसा."

तरी मी माल उतरवायला लावला. काटा कागदापेक्षा सहाशे किलो जास्त दाखवत होता. चूक माझीच, पण पकडलीही मीच! कागद दुरुस्त केल्यावर वैमानिक खाली येऊन म्हणाले, "ताई, आता निर्धास्त उडतो."

तुमचा खोकला कसा आहे? खरं कळवा.

उद्या माझी चौकशी आहे. काही लपवणार नाही. विमान सुखरूप पोचलंय, बाबा.

तुमची,
शंकेखोर लेक