हातभर फट आणि तुझा रोसामेल

सुनिल्दा,

तुझ्या नवऱ्याने माझ्या इस्पितळाच्या फटीत अकरा मीटर काँक्रीट ओतलं, मी ते फोडलं, तो रुसून तुझ्याकडे मळ्यावर येऊन बसला आणि फोन उचलत नाही. म्हणून हे पत्र. थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. आईचे गुडघे कसे आहेत? कोंबड्यांचा रोग हटला का? माझी तब्येत ठणठणीत आहे, राग आला की ती नेहमीच सुधारते.

फट म्हणजे काय ते आधी नीट समजून घे, कारण रोसामेलने तुला सांगितलं असेल की ताईंचं माप चुकलं आणि मधे भोक राहिलं. माप चुकलेलं नाही. भूकंपात जुन्या इस्पितळाची अर्धी बाजू गेली, ती जागा घ्यायला नवी सहा मजली इमारत उभी केली, आणि ती, सुनिल्दा, जमिनीवर उभीच नाही! रबर आणि पोलादाच्या चौऱ्याऐंशी जाडजूड उशांवर ती बसली आहे. खालची जमीन हवी तेवढी नाचू दे, वर शस्त्रक्रिया चालू राहील. पण त्यासाठी इमारतीला चारी बाजूंनी सरकायला हातभर मोकळी जागा लागते. तीच फट. वरून सरकते पत्रे टाकले आहेत, म्हणजे माणसं पडणार नाहीत. आठ वर्षं मी या फटीसाठी भांडले. (वास्तुविशारदाला तिथे कारंजं हवं होतं. त्याला मी एका वाक्यात गप्प केलं. ते वाक्य पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

मंगळवारी, चहापावाच्या वेळेला, धक्का बसला. आम्ही जुन्या इमारतीत होतो. दिवा झुलला, कपाटं करकरली, आणि अर्थातच कोणी उठलं नाही. थोरली परिचारिका एर्सिलिया पाव चावता चावता म्हणाली, "पाच रिश्टरचा असेल." दुसरी म्हणाली, "छे, साडेपाच! माझा अव्होकाडो गडगडला." मी मात्र धावले. एकसष्टाव्या वर्षी, दोन जिने, खाली. कारण नव्या इमारतीच्या पोटात एक सुई आहे, इमारत जितकी सरकेल तितकी ती खालच्या पत्र्यावर रेघ ओढते, आणि त्या रेघेची मी आठ वर्षं वाट पाहत होते. रेघ उमटली होती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (धूळ फार आहे तिथे.) मग चष्मा पुसून नीट पाहिलं. इमारत उत्तरेला गेली होती, दक्षिणेला गेली होती, पश्चिमेलाही ऐटीत गेली होती. पूर्वेला मात्र जराही नाही.

मी पूर्वेला गेले. तिथे फट नव्हती. तिथे एक सुंदर उतार होता, कडा गोल केलेल्या, चाकं घसरू नयेत म्हणून खाचा पाडलेल्या, दोन्ही बाजूंना जिरेनियमच्या कुंड्या. शेजारी रोसामेल थापी धूत उभा.

"हे काय आहे, रोसामेल?"

"उतार, इंजिनीअरबाई." (घरी ताई म्हणतो, कामावर इंजिनीअरबाई, आणि तेही असं म्हणतो की शिवी वाटावी.)

"इथे फट होती."

"होती ना. बुजवली. परिचारिका पोरी सरावातच रडकुंडीला आल्या होत्या, पत्र्यावर स्ट्रेचर आपटतं म्हणून. हाड मोडलेल्या माणसाला तिथून नेऊन बघा एकदा."

"अरे, इमारत हलायला जागा लागते!"

"चाळीस वर्षं या इस्पितळाच्या भिंती हलू नयेत म्हणून राबलो. आता म्हणता हलल्या पाहिजेत. एकदा काय ते ठरवा."

फोडायला दोन दिवस लागले. सळया घातल्या होत्या त्याने, आणि त्याही माझ्याच आराखड्यातल्या अंतराने! सगळ्या परिचारिका रांगेत उभ्या राहून बघत होत्या, जणू मी कुणाचं थडगं उकरते आहे. एर्सिलियाने त्याला कॉफी आणून दिली, मला नाही. मी त्याला चारचौघांत म्हणाले की गवंड्याने गवंड्यासारखं राहावं. त्याने कुंड्या उचलल्या आणि बस पकडली. कुंड्या तुझ्या ओट्यावर दिसतीलच.

यात माझी काडीची चूक नाही. त्याने यावं, चूक कबूल करावी, मग मी विचार करीन. तू मधे पडू नकोस.

तुझी,
ओबदुलिया

ता. क. जुन्या धोबीघराच्या कोपऱ्यात भिंतीला आधार द्यायला पाया खणत होतो. मार्चमध्ये रोसामेल म्हणाला होता, "ताई, इथे विहीर आहे, माझ्या बापाने झाकली." मी म्हणाले, नकाशात नाही, नकाशावर शिक्का आहे. काल खोदयंत्राचं पुढचं चाक शिक्क्यासकट विहिरीत गेलं. अशा आणखी दोन आहेत, असंही तो म्हणाला होता. कुठे, ते मी विचारलं नव्हतं. येत्या गुरुवारी सान्तियागोहून तपासणीवाले येतात, आणि सही देतील तर जुन्या-नव्या दोन्ही इमारतींना एकत्र, नाहीतर एकीलाही नाही. भूकंपापासून आपले रोगी, सध्या एकशे बारा, फुटबॉलच्या मैदानावर पत्र्याच्या डब्यांत आहेत. हा तिथला नववा हिवाळा होईल. त्याला बुधवारी पाठव.

ता. क. दुसरा. मी स्वतः स्ट्रेचरवर झोपले आणि एर्सिलियाला सांगितलं, ढकल. चार वेळा. जीभ चावली गेली. पत्रा खरंच आपटतो. उतार हवाच, पण एका बाजूला पक्का आणि दुसऱ्या बाजूला सुटा. मी तसे तीन आराखडे काढले. तिन्हींवरून रोगी घरंगळेल.

ता. क. शेवटचा. "गवंड्यासारखं" हा शब्द मी चारचौघांत उच्चारला, तो चारचौघांतच परत घेईन. एर्सिलियाला सगळ्यांना जमवून ठेवायला सांगितलं आहे. हे त्याला तू सांग. माझ्याने फोनवर होणार नाही.

सकाळच्या बसने सोबत पोचते केले: बुधवारचं तिकीट, नग एक. इमारतीखालच्या दाराच्या किल्ल्या, नग दोन. नव्या उताराच्या आराखड्याचा कागद, अजून कोरा, खाली माझी सही आधीच केलेली, नग एक. पोच रोसामेलच्या हातची असावी.