चिंतामणी रंगाचं लुगडं

जळोची,
दि. २८ जुलै १९९७

चि. सौ. साखर हिला म्हाळसाक्काचा पोटभर आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यासारखाच आहे, कुरकुरत का होईना चालतो. निवृत्त होऊन दोन महिने झाले तरी सकाळी दहा वाजले की हात आपोआप निऱ्यांकडे जातो. कपाटात शाळेच्या साड्या इस्त्री करून ठेवल्या आहेत आणि जायचं कुठं हे त्यांनाही कळत नाही.

कार्डात लिहिलंस, की दत्तोबारावांनी चार पांढरे नेहरूशर्ट शिवले आणि खळ घालून वाळत टाकले की दोरीवर चार माणसं उभी असल्यासारखी दिसतात. मी हसले. मग कार्ड पुन्हा वाचलं. सरपंच तू झालीस ना गं? मग कपडे नवऱ्याला कसे? तू काय शिवलंस ते मी कार्डाच्या दोन्ही बाजूंना शोधलं, सापडलं नाही.

त्यात रविवारी तुझा रविराज येऊन गेला. पोरगा जेवला, दोनदा आमटी घेतली आणि तुझ्या पहिल्या मीटिंगचं सगळं सांगून मोकळा झाला. लग्नातला शालू नेसून गेलीस म्हणे! भर जूनमध्ये! पदर नाकापर्यंत ओढून दारापाशी सतरंजीवर बसलीस. खुर्चीत दत्तोबाराव. इंदापूरहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "सरपंचबाई कुठं आहेत?" लोकांनी तुझ्याकडे बोट केलं, तर साहेब म्हणाले, "आज ह्यांच्या घरी लग्न आहे का?" रविराज हसत हसत सांगत होता. मी त्याला आणखी भात वाढला. जाता जाता म्हणाला, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्याचे आण्णाच ओढणार, आई नारळ फोडणार.

साखरे, मला राजकारण कळत नाही. पण मी पस्तीस वर्षं रोज साठ पोरींसमोर उभी राहिले. बाई वर्गात शिरली की ती तोंड उघडायच्या आत पोरींनी तिचं वजन केलेलं असतं. ते कशावर करतात, एवढं मला नक्की कळतं. तेवढंच लिहिते.

शालू आधी ट्रंकेत ठेव. तो बाईला नवरी करतो, आणि नवरीला कुणी पाणीपट्टीचं विचारत नाही. आहेरात आलेल्या साड्याही नकोत. त्या चमकतात, बसलं की फुगतात आणि पहिल्या धुण्याला रंग सोडतात. त्या आहेरातच फिरू देत, त्यांचा जन्म त्यासाठीच आहे. तू इंदापूरच्या बाजाराला जा आणि सुती लुगडी घे. फार नकोत. दुकानदार गादीवर ढीग घालेल, "वैनी, हे नवीन आलंय" म्हणेल. तू उठून उजेडात नेऊन बघ, कारण ट्यूबखाली निळं दिसणारं उन्हात भलतंच निघतं. मळखाऊ रंग घे, पण मेलेला घेऊ नकोस. काठ ठसठशीत असू दे. आणि दत्तोबारावांना दुकानात नेऊ नकोस, ते येताना पाचवा शर्ट घेऊन येतील.

नऊवारी सोड असं मी सांगणार नाही. तू नऊवारीत जशी चालतेस तशी मी सहावारीत कधी चालले नाही. डोईवरचा पदरही राहू दे, नाहीतर गाव लगेच जिभा चालवायला लागेल. फक्त तो कपाळाच्या वर राहू दे आणि दोन्हीकडून पिन लाव. एक हात पदर सावरण्यात गुंतला तर कागद कुठल्या हातानं धरशील? चपला फटफट वाजणाऱ्या नकोत. चष्मा लागलाय तर लाव, लाजू नकोस. हातभर चुडा सहीच्या वेळी कागदावर खळखळतो, उजव्या हातातला थोडा कमी कर. खळ पातळ घाल. आणि काहीही नेसलीस तरी खुर्चीत टेकून बस, काठावर नको. काठावर बसलेल्या बाईला लोक लगेच उठवतात.

हे सगळं मला शिकवलं कुणी? आपल्या आबांनी. आठवतं? मेंढरांचा वाडा घेऊन नीरेच्या काठाला उतरलो की बाजाराच्या आदल्या दिवशी आबा आपला तांबडा पटका नदीत धुवायचे. एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या, आणि वाऱ्यावर तो वाळेपर्यंत आपण दोघी उभ्या. तू मध्येच सोडून द्यायचीस आणि पटका पुन्हा चिखलात. आबा ओरडायचे नाहीत. "मेंढरात ऱ्हातो म्हून मेंढराच्या वासानं बाजारात जायाचं न्हाय," म्हणायचे आणि पुन्हा धुवायला बसायचे. आपला बाप, बिरू धनगर, पटका बांधून निघाला की सावकारसुद्धा रामराम घालायचा. अंगावर तेवढं एकच चांगलं होतं, पण ते धुतलेलं होतं.

आणि दुसरं शिकवलं तू. तू विसरली असशील, मी नाही.

मी विसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आले. आबांनी लोकांचं न ऐकता मला बोर्डिंगात घातलं, मास्तरीण केलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी नेसायला माझ्याकडे पांढरी दोन पातळं, दोन्ही विटलेली. तू दिवाळीला माहेरी आली होतीस, नवी नवरी. तुझ्या सासरहून आलेलं चिंतामणी रंगाचं इरकली लुगडं, तांबड्या काठाचं, घडीसुद्धा मोडली नव्हती. ते तू माझ्यापुढं टाकलंस. "पांढरं नेसून गेलीस तर पोरींना वाटंल, बाई दुखवट्याला आल्यात." मी नको नको म्हणत होते. मला सहावारी लागायचं, तर तू आबांची लोकर कातरायची कातर आणलीस आणि कराकरा नऊवारीचं सहावारी करून टाकलंस. कापलेला काठ वाकडा गेला. वर्षानुवर्षं निऱ्या घालताना तो वाकडा काठ मी आत खोचत आले. सासरी तू सांगितलंस, लुगडं गाडीतून पडलं. त्याबद्दल किती बोलणी खाल्लीस, ते मला कधी सांगितलं नाहीस.

त्या लुगड्यानं मला वर्गात उभं केलं, साखरे. मी हे तुला कधी बोलले नाही, आज लिहिते.

कार्डाच्या शेवटी बारीक अक्षरात विचारलंयस, पंधरा ऑगस्टला येशील का. गुडघ्याचं वर लिहिलंच आहे. एसटीची गर्दी असते. शाळाही झेंड्याला बोलावते, जुन्या बाई म्हणून.

खरं लिहू? गुडघा काही एवढा दुखत नाही.

सृष्टीच्या लग्नाला मी तेच लुगडं नेसून आले होते. भाचीचं लग्न, दुसरं काय नेसणार? मांडवाच्या दारातच दत्तोबाराव म्हणाले, "आक्का, पाव्हण्यांत रंगीत बरं दिसत न्हाय. तुमी आत बसा." आवाज चढवून नाही, अगदी हळू म्हणाले. मी आत गेले. धान्याच्या खोलीत पोत्यांच्या मध्ये बसून मंगलाष्टका ऐकल्या. आत जाताना तुझ्याकडे पाहिलं होतं. तू पदर पुढं ओढलास. संध्याकाळच्या गाडीनं मी निघाले, तेव्हापासून ते लुगडं ट्रंकेत आहे आणि मी फिकट नेसते. तुला कार्ड लिहिते, दिवाळीला फराळ पाठवते, पण तुझ्या दारात आले नाही. मला दत्तोबारावांचा राग आहेच, पण तो राग मी गिळला असता. तू ओढलेला तो पदर मला अजून गिळता आला नाही.

म्हणून पदर कपाळाच्या वर ठेव म्हणते. मघाशी सही-बिहीचं कारण दिलं, तेही खरंच आहे.

रविराज परवा खताच्या कामाला पुन्हा येणार आहे, त्याच्याबरोबर लुगडं पाठवते. तुझंच होतं. नऊवारी राहिलं नाही, पण तुला नेसवत नसेल तर घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाक. झेंड्याची दोरी दत्तोबारावांनी ओढली, तर मी आले नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आणि तू ओढणार असशील, तर बोलावणं तुझ्या नावानं, तुझ्या सहीचं पाठव. मग मी रांगत येईन.

वाट पाहत नाही असं म्हणवत नाही.

तुझी,
म्हाळसाक्का


दि. ९ अगस्ट १९९७

आक्कास साखरचा पाया पडून नमस्कार.

लिहायची सवय न्हाय, बोलते तसं लिहिते, मास्तरणीनं चुका काढायच्या न्हाईत.

तुझं पत्र रविराजकडनं वाचून घेनार हुते, पन पहिल्या पानावरच त्याला भाईर धाडलं आन् चष्मा लावून माझं मीच वाचलं. दोन दिस लागलं. चुलीपुढं बसून रडले, धूर हाय म्हनून सांगितलं.

मंगळवारी मीटिंग हुती. सुती लुगडं घेतलं, इटकरी रंगाचं, उजेडात बघून. पिना लावल्या. पदर तू म्हनलीस तितं. गेले तर हे खुर्चीत. मी सतरंजीवर न्हाय बसले. हुबीच ऱ्हायले. हे म्हनलं, "काय झालं?" म्या म्हनलं, "उठा, मला बसायचंय." ह्यांनी इकडंतिकडं बघितलं, हसलं, मला वाटलं न्हाय उठत. मग उठलं आन् बाकड्यावर जाऊन बसलं. चार दिस माझ्याशी बोललं न्हाईत. शर्टाला खळ मात्र मलाच घालाय लावली. दोरी मीच वढनार हाय, तसा ठराव झाला.

तुझं लुगडं माघारी धाडते हाय. राग मानू नगंस. ते तुझं हाय, माझं कवाच न्हवतं. म्या ते दिलं तवा उरल्याला तीन वाराचा तुकडा ठिवला हुता, ट्रंकेच्या तळाला. सृष्टीच्या बारशाला त्याची कुंची शिवावी वाटलं, न्हाय शिवली. कुनाला दावलाबी न्हाय. आता शिंप्याकडनं त्याचं तुला झंपर शिवून घेतलंय, लुगड्यासंगं धाडते, माप माझं दिलं, आपन दोघी एकाच अंगाच्या. कातरीचा वाकडा काठ पाठीवर आलाय, पदराखाली झाकतोय.

आदल्या दिशी ये. रविराज इष्टांडवर यील. झेंड्याला पयल्या रांगंत खुर्ची टाकते, तितं बस, आत न्हाय. झेंडा झाला की घरी समद्यांच्या म्होरं तुझी वटी भरनार हाय. ह्यांना सांगून ठिवलंय. काय बोलायचं ते त्यांनी आताच बोलून घ्यावं म्हनलं.

रंगीत नेसून ये. पांढरं, फिकट, असलं काय नेसून आलीस तर दारातनं माघारी लावीन, म्होठी भन म्हनून बघनार न्हाय.

ह्येच बोलावनं समज. सही माझीच हाय, कुनी हात धरला न्हाय.

साखरबाई
सरपंच