जीपला शिस्त

३ मार्च, सकाळ.
आजपासून दोन संकल्प. एक, चहात साखर अर्धा चमचा. दोन, ह्यांची जुनी लष्करी जीप मी स्वतः दुरुस्त करणार. हे गेल्यापासून ती सुरूच झालेली नाही. लेक म्हणते, रविवारपर्यंत चालू झाली नाही तर भंगारवाला नेईल. नेतोय बरा! ह्याच गाडीतून ह्यांनी मला लग्न करून घरी आणलं. तो घरघराट मला पुन्हा ऐकायचाय.

संध्याकाळ.
बॉनेट डोक्यावर पडलं. टेंगूळ. मीही इंजिनाला पान्याने चार हाणले. शाळेत सिस्टर फुटपट्टीने बोटं सोलायच्या; माझं अक्षर आजही सुरेख आहे. इंजिनालाही डिसिप्लिनच हवी. चहा. साखर दोन चमचे, टेंगळामुळे.

४ मार्च.
पुढून हँडल मारलं. सटकून नडगीवर बसलं. रक्त. दुसऱ्या पायाने रेडिएटरला लाथ घातली. आता दोन्ही पाय सारखेच लंगडतात. पण इंजिन घाबरलंय, नक्की.
चहा करताना हे फार आठवले. साखरेच्या बरणीच्या झाकणाला मी त्यांची आठवण मूठ म्हणून चिकटवलीय. तपकिरी, अंगठ्याएवढी, डोक्यावर पितळेची पट्टी. रोज रात्री गाडी लावून आले की माझ्या तळहातावर ठेवायचे. म्हणायचे, सांभाळ गं, जीव आहे ह्यात. मी लाजायचे. सकाळी हसून परत मागायचे. इतका रोमँटिक माणूस.

५ मार्च.
भाऊजी आले. तेही फौजेतले, म्हणून आगाऊ. वहिनी, जरा बघू तर द्या, म्हणत इंजिनावरच्या काळ्या टोपीला हात घातला. मी त्यांच्या बोटांवर पाना मारला. म्हणाले, अहो, दादाला सवय होती, रात्री गाडी लावली की... माझ्या नवऱ्याच्या सवयी मला सांगतात! दुसरा पाना फेकला. कुंपणावरून गेले. ह्या वयात उडी छान मारतात.

७ मार्च.
घण आणला. एकच घाव, प्रेमाने, असं ठरवलं होतं. मग राहवलं नाही. इंजिनाच्या कुशीत भगदाड. काळं तेल भळाभळा वाहिलं. आतला अडथळा निघाला असणार. उद्या नुसतं बुजवायचं.

८ मार्च, रविवार.
भंगारवाला फाटकात उभा. लेकीने भाऊजींना चहाला बोलावलेलं. बोटांना बँडेज. मी बरणी पुढे केली. भाऊजींनी झाकण उचलून उलटसुलट पाहिलं. म्हणाले, वहिनी, हा रोटर. त्या टोपीखाली बसतो. ह्याच्याशिवाय ठिणगीच पडत नाही. गाडी कोणी पळवू नये म्हणून फौजेत रात्री काढून ठेवतात.
मी विचारलं, मग माझ्या हातात का द्यायचे?
म्हणाले, तुमच्या हातून काढून घ्यायची कोणाची छाती होती?
भंगारवाल्याने जीप दोरीने ओढत नेली. घरघर ऐकू आली, चाकांची.
चहा घेतला. बिनसाखरेचा. पहिला संकल्प पार पडला.