आणा-विका टेबलावरची लाल पलटण

मी, सेड्रिक ऑलरेनशॉ, निवृत्त बसचालक, राहणार केथली, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. माझी मुलगी टॅमसिन आमच्या माळ्यावर डोकावून आल्यापासून तसं म्हणत नाही. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांतलं एक मी क्लबात शिशाच्या चिमुकल्या सैनिकांची टेबलावरची लढाई हरल्याच्या रागात फाशांच्या डबीवर लिहिलं होतं.

१. घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी माझी पत्नी ग्लेनिस हिला. गाडीतलं जादा चाक तिने एकदा उचलून पाहावं. दर मार्चात चिमुकल्या सैनिकांच्या मेळ्याहून परतताना मी घेतलेली खोकी त्याखाली लपवत आलो आहे. ती दारातच विचारायची, "काय घेतलंस?" मी म्हणायचो, "काही नाही गं, नुसता फिरलो."

२. माळ्यावरचे न रंगवलेले शिशाचे सैनिक क्लबला. दर वर्षी मी शपथ घेतो की यंदा फक्त रंगाची एक बाटली. मेळ्याच्या दारावर हाताला प्रवेशाचा शिक्का बसला की शपथ संपते. आमच्या क्लबात रंग न लावलेला सैनिक लढाईत उतरत नाही. त्या न्यायाने माळ्यावर जगातली सर्वांत मोठी कामचुकार फौज पडून आहे, आणि तिचा सेनापती मी.

३. टॅमसिनला माझ्या आईचं घड्याळ आणि शेडमधली हत्यारं. तोफखान्याला "खेळणी" म्हटल्याबद्दल तिला माफ केलं.

४. भर मेळ्यात, चार लोकांसमोर, माझ्या शिपायांची कॉलर चुकीची पिवळी आहे असं सांगणाऱ्या रेजिनाल्ड क्रॅबट्रीला माझी पिवळ्या रंगाची बाटली. ती वाळून दगड झाली आहे, हे मला माहीत आहे.

५. लाल पलटणी ग्लेनिसला. खरं तर या कलमासाठीच एवढा खटाटोप.

मेळ्यात आणा-विका टेबल असतं. नको झालेला माल लोक तिथे ठेवतात आणि दुसरे हौशे तो विकत घेतात. काही वर्षांपूर्वी तिथे मला लाल डगल्यांची एक रंगवलेली पलटण दिसली. एकेकाचा चेहरा असा, की त्याला घरची आठवण येत असावी. बाकीची खोकी चाकाखाली गेली, पण हा डबा मी उपाहारगृहात विणत बसलेल्या ग्लेनिसपुढे नाचवला. "अगं, काय रंगवलंय! हात बघ या माणसाचा!"

"बरे आहेत," ती म्हणाली. "चहा गार होतोय तुझा."

पुढच्या वर्षी दुसरी पलटण मिळाली, मग तिसरी. तिसरीत एक शिपाई वाकड्या बंदुकीचा निघाला. ती बंदूक मीच माळ्यावर अंधारात पाय देऊन वाकवली होती. म्हणजे माझ्याच माळ्यावरचा माल मी दर वर्षी पैसे मोजून घरी आणत होतो. खोकी कमी झाल्याचं कळलं कसं नाही, असं कुणी विचारेल. त्याने आमचा माळा पाहिलेला नाही. त्यानंतर एका गुरुवारी मी क्लबातून नेहमीपेक्षा लवकर परतलो, तर ग्लेनिसच्या नखांत लाल रंग होता. मी गप्प राहिलो. बोललो तर ती रंगवायचं सोडेल, अशी भीती वाटली. नाताळात तिने मला उंची ब्रश दिले. ते कुणाच्या पैशांतून आले, हे वेगळं सांगायला नको.

६. तेव्हापासून मेळ्याचं दार उघडलं की मी कोपरं मारत त्या टेबलाकडे धावतो. लोक म्हणतात, ऑलरेनशॉला म्हातारचळ लागला. लागू दे. लोकांनी तिचा डबा उचलून परत ठेवलाय, हे तिच्या दृष्टीस पडू नये, एवढंच मला हवं असतं. पण माझ्या हृदयाबद्दल डॉक्टर जे बोलले, त्यावरून आता फार धावणं होणार नाही. सबब माझा मित्र विल्फ बॅराक्लफ याला या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो आणि माझं सगळं घोडदळ त्याला देतो. अट अशी, की दर मार्चात त्याने सर्वांआधी तो डबा घ्यावा आणि उपाहारगृहापर्यंत ऐकू जाईल असं ओरडावं, "हात बघा या माणसाचा!"

७. वरचं कलम मी काल विल्फला वाचून दाखवलं. तो चहा सांडेपर्यंत हसला.

"अरे गाढवा, मी दर वर्षी तुझ्या मागे पळतो ते काय तुला सावरायला? मलाच हवा असतो तो डबा! क्रॅबट्रीलाही हवा असतो."

"क्रॅबट्रीला?"

"तो म्हणतो, त्यातल्या शिपायांच्या कॉलर अगदी बरोबर असतात."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"तू बोलू देतोस होय? परतीच्या रस्त्यात एकेक चेहरा दाखवत बसतोस. तुझ्या कोपराने माझी बरगडी सुजली होती एकदा!"

म्हणजे बायकोची अब्रू राखतोय या तोऱ्यात मी तिची गिऱ्हाइकं हुसकावत होतो. आपलं काम नवऱ्याशिवाय कुणी घेत नाही, असंच तिला वाटत असणार. हे मनाला फार लागलं. सबब कलम सहामधली अट रद्द. घोडदळ विल्फला बिनशर्त.

८. विल्फला साक्षीदारही व्हायचं होतं. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीची सही करायची नसते. विल्फने तत्काळ पेन खाली ठेवलं. सबब आमचे शेजारी हरबन्स आणि आणा-विका टेबलामागे बसणाऱ्या डोरीनबाई यांना बोलावलं.

मी सही करायला वाकलो, तेवढ्यात डोरीनबाईंची नजर कलम सहावर पडली. "धावतोस कशाला रे दर वर्षी? तो डबा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, असं ग्लेनिसने मला पहिल्याच वर्षी बजावलंय. 'त्याच्यासाठीच रंगवते,' म्हणाली."

खालची सही थोडी हलली आहे. ती माझीच समजावी.

सेड्रिक ऑलरेनशॉ

साक्षीदार, दोघांनी माझ्यादेखत व एकमेकांदेखत सही केली:
हरबन्स सहोटा, शेजारी
डोरीन पिकर्सगिल, आणा-विका टेबल

केथली, ९ फेब्रुवारी २०१९