चौदाव्या प्रकरणाची नक्कल

४ जुलै १९६१, पांढरकवडा
नागपूरहून प्रकाशकाचं पत्र. "आपल्या कार्डानुसार कादंबरीची छपाई थांबवली आहे. हस्तलिखित परत पाठवत आहोत." कोणतं कार्ड? मी कार्ड टाकलंच नाही! तीन वर्षं, रोज दुपारची भांडी आवरली की दीड तास, असं करत लिहिलेली कादंबरी. पत्र चारदा वाचलं. भाकर करपली.
ह्यांच्याशिवाय कोण करणार हे?

५ जुलै
हे फॉरेस्टच्या डेपोतून आले तसं पत्र पुढे टाकलं. म्हणाले, "मी काहून लिहीन? लिहू नको म्हणलं का कधी तुले?" तसं कधी म्हणाले नाहीत, खरंय. पण अट घातली होती, "पोरांची आबाळ नाही झाली पाहिजे, मंग खुशाल लिही." आता आबाळ दिसली असेल. मी बोलायचं ते सगळं बोलले. जेवले नाहीत. पंधरा वर्षांचा संसार करून माणसानं असा केसानं गळा कापावा!

७ जुलै
अबोला. प्रकाशकाला लिहिलं, ते कार्ड मला पाठवा.
घरचं सगळं कुसुम बघते. तेरा पुरी झाली. धाकट्या अरुणला न्हाऊमाखू घालते, शाळेत सोडते. गुणाची पोर. मे महिन्यात छापखान्यासाठी कादंबरीची नक्कलही तिनंच केली. माझा हात आताशा कापतो. तिला पाटीवर मीच गिरवायला शिकवलं, त्यामुळे तिचं अक्षर म्हणजे थेट माझं जुनं अक्षर.

१५ जुलै
कार्ड आलं. अक्षर माझं, सही माझी. पण असं सरळ अक्षर माझं पाच-सहा वर्षांत पडलेलं नाही. या घरात ते एकीचंच.
अगं बाई! आणि ह्यांना मी काय काय बोलले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
कुसुमला विचारलं. नाकारलं नाही. "हो, मीच टाकलं." मी म्हटलं, काय वाईट केलं गं मी तुझं? तर म्हणे, "चौदावं प्रकरण."
प्र. १४ मध्ये एक मुलगी पुस्तकात दंग असते, धाकटा भाऊ चुलीशी जातो, उकळत्या वरणाचा भरला गंज त्याच्या पायावर उलटतो. अरुणचा पाय असाच भाजला, दोन वर्षं झाली. 'पोरगं धावलं' एवढंच बाकीच्यांना ठाऊक. आपण वाचत बसलो होतो, हे कुसुमनं फक्त मला सांगितलं होतं, कुशीत शिरून. कोणाला सांगणार नाही म्हणून मी तिला शब्द दिला होता.
नाव बदललं होतं ना मी! पमी केलं होतं. आणि तिलाच नकलायला दिलं. लक्षातच आलं नाही. तिनं एक शब्द इकडचा तिकडे न करता उतरवून काढलं.
दोन थपडा दिल्या तिला. लाज वाटते. रागही जात नाही.

१६ जुलै
मी कुसुमला म्हटलं, "एवढं वाईट वाटलं तर मले सांगायचं होतं."
"तुले सांगितलेलंच तर तू छापून राह्यली."
मग पुढे म्हणाली, "अन् खोटं लिहिलं तू. त्यातली आई पाण्याले गेली. तू गेलती का पाण्याले? तू आतल्या खोलीत लिहून राह्यली होती. अरुण रडला, तर आतूनच 'कुसुम, पाह्य त्याले' म्हणलं."
खरं आहे. आठवत होतं मला. जाणूनबुजून सोडलं.

१९ जुलै
हस्तलिखित आलं. गैरसमज असेल तर महिन्याभरात परत पाठवा, दिवाळीआधी काढू, म्हणतात. ह्यांची माफी मागितली. कार्ड कोणी टाकलं ते सांगितलं नाही. "असू दे," म्हणाले, पण तोंड वळवून. प्र. १४ वगळून पाहिलं. पुढचं काही उभंच राहत नाही.

२३ जुलै
कुसुमला म्हटलं, काढून टाकते प्रकरण, कादंबरी मेली तरी चालेल. मनापासून नव्हतं, तिला कळलं. पीठ चाळता चाळता म्हणाली, "नको काढू. खरं लिही अन् छाप. पण आधी बाबाले सांग. माझं मी सांगतो, तुझं तू."
ह्यांना सांगायचं म्हणजे ती आबाळीची अट मोडल्याची कबुली. मग दुपार गेली, लिहिणं गेलं, सगळंच गेलं. पोटच्या पोरीनं पेचात धरलं मला! अन् तिला दोष कोणत्या तोंडानं देऊ?
हे आत्ताच आले. न्हाणीत हातपाय धुताहेत. कुसुम पंचा घेऊन गेली. तिचा आवाज येतोय, "बाबा, अरुणचा पाय भाजला ना, तवा मी..."
ती तिचं सांगून राहिली आहे. आणि मी आत बसून हे लिहिते आहे.