बोटाने झिजलेल्या इंजिन नंबराबाबत

दिनांक : ९ ऑक्टोबर २००१

प्रति,
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी साहेब,
नाशिक.

अर्जदार : सावळीराम वाळू जेजुरकर, वय ६८, धंदा शेती व टेम्पो, रा. मखमलाबाद, ता. जि. नाशिक.

विषय : टेम्पोचे जुनेच इंजिन बांधून घ्यावे की कंपनीचे बदली इंजिन बसवावे, याचा निर्णय होऊन इंजिनावरील नाहीसा झालेला नंबर पुन्हा ठोकून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या निरीक्षक साहेबांनी दि. ४ रोजी इंजिनावर बॅटरी मारून पाहिल्यानंतर काढलेला तोंडी उद्गार.
२) माझा दि. ५ चा अर्ज, खाडाखोडीमुळे खिडकीवरून परत.

महोदय,

खाली लिहिलेल्या मजकुरावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. मखमलाबादेत तर कोणी ठेवतच नाही. परंतु आपण सरकारी अधिकारी असून कागदावर विश्वास ठेवणे हे आपले काम आहे, म्हणून कागदावर देत आहे. मागील अर्ज खाडाखोडीमुळे परत आल्याने हा अर्ज मी सांगतो आहे व माझी सून सौ. मंजुषा शाईने लिहीत आहे. एकदा लिहिलेले खोडायचे नाही, ही तिची अट आहे. कोर्ट फी तिकीट आधीच चिकटवलेले असल्याने मी ती मान्य केली.

१. सदर टेम्पो मी १९९० साली दसऱ्याला नवा घेतला. तेव्हापासून आमच्या शिवारातला भाजीपाला व फुले नाशिक आणि कल्याणच्या बाजारात मीच नेत आलो. अकरा वर्षांत इंजिन एकदाही उघडले नाही. इंजिन किती इमानी आहे, याचा एकच दाखला देतो. १९९४ च्या उन्हाळ्यात कसारा घाटात रेडिएटरमधले पाणी संपले. जवळ विहीर नाही, टपरी नाही. गाडीत चारशे जुड्या कोथिंबीर होती, सकाळीच पाणी मारलेली. मी ती जुडी जुडी करून रेडिएटरमध्ये पिळली. इंजिन लगेच थंड झाले आणि कल्याणपर्यंत गेले. वाटेत मागच्या ट्रकवाल्याने गाडी आडवी घालून मला थांबविले व म्हणाला, "बाबा, कुठल्या हॉटेलात भाजी उकळतेय ते तरी सांगा, दोन तासांपासून भूक खवळलीय."

२. तसेच एकदा भर दुपारी घोटीच्या अलीकडे माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी माझ्या नेहमीच्या चहावाल्यापुढे, रस्त्याच्या कडेला, नीट उभी होती आणि इंजिन मंद चालू होते. चहावाला म्हणाला, "सावळीरामभाऊ, आज हॉर्न नाही वाजवला?" वाहन चालविताना झोपणे ही बाब आपल्याच अखत्यारीत येते, हे सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आले. मी मंजुषाला म्हणालो, हे काढ. ती म्हणाली, "खाडाखोड चालत नाही, मामा." तरी या परिच्छेदाकडे साहेबांनी दुर्लक्ष करावे.

३. असे हे इंजिन यंदा पोळ्याच्या आठवड्यात नाशिकच्या द्वारका चौकात, चारही बाजूंच्या गाड्या अंगावर येत असताना, जाम झाले. शेजारच्या सोमाने ट्रॅक्टरने ओढून आणले व तेव्हापासून टेम्पो माझ्या अंगणात उभा आहे. द्वारकेचे झुंबर मिस्त्री घरी येऊन पाहून गेले. त्यांचे म्हणणे, ब्लॉक शाबूत आहे. लायनर, पिस्टन नवे टाकून आणि क्रँक घासून हेच इंजिन आठ-दहा दिवसांत बांधून देतो. मी गॅरंटी विचारली. ते म्हणाले, "काका, गॅरंटी तुमची नाही, माझी नाही, इंजिनाची कुठून आणू?" हे मला पटले.

४. माझे चिरंजीव भारत हे एकलहऱ्याला थर्मल वीजकेंद्रात नोकरीस असून त्यांना हे पटले नाही. त्यांनी चौकशी करून आणली की, कंपनी आपल्याच कारखान्यात बांधलेले बदली इंजिन देते. नंबर वेगळा, एक वर्षाची गॅरंटी, तीन दिवसांत बसवून. अट एकच, आपले जुने इंजिन कंपनीस द्यायचे. ते परत मिळत नाही. त्याचे पुढे काय करतात तेही सांगत नाहीत. मी हरकत घेतली की, सध्या धोंड्याचा महिना आहे, नवी वस्तू घरात आणू नये. भारत म्हणाले, "दादा, ते नवं नाहीच. जुनंच आहे, फक्त दुसऱ्याचं." मी म्हणालो, दुसऱ्याचे जुने आणण्यासाठी आपले जुने द्यायचे, याला काय म्हणावे. तरी कंपनीस होकार कळविण्यात आला. एक सांगतो साहेब. त्या इंजिनाला खोकला आला की कोणत्या नळीत कचरा आहे ते मला आवाजावरून समजते. दुसऱ्या इंजिनाची बोली शिकायला आता माझ्या कानांत तेवढी वर्षे उरलेली नाहीत. पण माझे मत कोणी विचारले नाही व मीही सांगितले नाही.

५. दि. १ रोजी कंपनीचा माणूस जुने इंजिन बघायला आला. नंबराच्या जागी त्याने हात फिरवला, चिंधीने पुसले, चष्मा पुसला, पुन्हा हात फिरवला. मग पिशवी बंद केली आणि म्हणाला, "आजोबा, नंबर नसलेल्या इंजिनाला आम्ही इंजिन म्हणत नाही. हे आम्ही घेणार नाही." ते ऐकून झुंबर मिस्त्रींनीही सांगितले की, बिननंबरी इंजिन उघडले तर उद्या पोलीस मला उघडतील. शेवटी सोमाच्या ट्रॅक्टरने टेम्पो ओढत आपल्या कार्यालयात आणला. निरीक्षक साहेबांचा उद्गार संदर्भात आहेच. तो येथे लिहिण्यासारखा नाही. सारांश असा की, नंबर नाही तर इंजिन बदलल्याची नोंद नाही, आणि नंबर नाही तर जुन्यावर पासिंगही नाही. दोन्ही दारे बंद झाली.

६. आता नंबर गेला कुठे, ते. माझी पत्नी सौ. साळूबाई रोज पहाटे पहिली खेप निघण्यापूर्वी झाकण उघडून इंजिनाला हळदीकुंकू लावीत असे. इंजिनाला कपाळ नसते, तेव्हा जिथे नंबर कोरला आहे तेच कपाळ, असे आमच्यात ठरले. अकरा वर्षे, रोज एक बोट. गोदाकाठच्या दगडी पादुका भाविकांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या साहेबांनी पाहिल्या असतील. शिवाय साळूबाईचे बोट साधे नाही. चाळीस वर्षांच्या खुरपणीने व भाकऱ्यांनी ते असे तयार झाले आहे की, एकदा लोणच्याच्या बरणीवरून सहज फिरविले तर काचेवर रेघ उठली. पहिल्या चार वर्षांत शेवटचे दोन आकडे गेले, पुढच्या चारांत मधले, आणि यंदा पाडव्याला राहिलेला इंग्रजी आठही गेला. हे भक्तीने झालेले असून त्यात चोरी, फसवणूक किंवा अन्य हेतू नाही.

७. साहेब, दसरा २६ तारखेला आहे. माझा दीड एकर झेंडू उभा आहे. त्याशिवाय सोमाचा आहे आणि गावातल्याच गोजराबाईचा आहे. गोजराबाईला नवरा नाही. यंदा रोपे लावताना तिने मला विचारले, "भाऊ, माल कल्याणला न्याल ना?" मी म्हणालो, न्यायचा म्हणजे नेणारच, तू दुप्पट लाव. तिने दुप्पट लावला. आज ती रोज संध्याकाळी येते, टेम्पोकडे बघते आणि परत जाते. भांडली असती तर बरे झाले असते. दसऱ्याला भाड्याचा टेम्पो मिळत नाही, कारण जे भाड्याने देतात त्यांचाही झेंडू असतो. ट्रॅक्टरने कल्याण गाठेपर्यंत दिवाळी येईल. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूला म्हैससुद्धा तोंड लावत नाही.

तरी आर.सी. बुकातला नंबर इंजिनावर पुन्हा ठोकण्याची परवानगी दहा तारखेपर्यंत, म्हणजे उद्या, द्यावी. इंजिनावर ठोकता येत नसेल तर तो नंबर माझ्या उजव्या दंडावर गोंदवून घेण्याची माझी तयारी आहे. टेम्पो जिथे जाईल तिथे मी असतोच, तपासणीस बाही वर करीन. जुने बांधावे की बदली बसवावे, हे आमच्या घरात ठरत नाही. ते साहेबांनी ठरवावे. साहेबांनी बदली इंजिन म्हटले तर मी जुन्याला हात जोडून निरोप देईन. हे मी मनापासून सांगत आहे.

८. येथपर्यंत लिहून झाल्यावर सौ. मंजुषाने अर्ज मोठ्याने वाचून दाखविला. सौ. साळूबाई ओट्यावर लसूण सोलत होती. सहावा परिच्छेद ऐकून तिचा हात थांबला. ती जे बोलली ते माझी हरकत असताना मंजुषाने शब्दशः लिहून घेतले, ते असे :

"अहो, अकरा वर्सांत मला त्या झाकणाला हात तरी लावू दिला का तुम्ही? बाईमाणसानं इंजिनाला हात लावायचा नाय म्हणून मी कुंकू टायरला लावत आले. बोटानं कशाला झिजतंय लोखंड. कंपनीचा माणूस यायच्या आधीच्या मंगळवारी तुम्हीच माझी कानस घेऊन भर दुपारी गाडीत बसला व्हता ना? मी इचारलं तर तुम्ही म्हणला, विळा पाजळतो. विळा माझ्या हातात व्हता. द्यायचं नव्हतं इंजिन, तर भारतला तोंडानं सांगायचं व्हतं. एवढ्या गोष्टी सांगता लोकांला, येवढी एक नाय सांगता आली? आता गोजराबाईला काय सांगायचं ते तुम्हीच जाऊन सांगा."

मी मंजुषाकडे पाहिले. तिने पेनाचे टोपण लावले.

आपला विश्वासू,
(सही) सावळीराम वाळू जेजुरकर

सोबत :
१. आर.सी. बुकाची नक्कल.
२. झुंबर मिस्त्री यांनी लिहून दिलेला कामाचा कागद.
३. कंपनीचे बदली इंजिनाचे माहितीपत्रक.
४. कानस, नग १. (गाडीच्या सीटखाली सापडली. सौ. साळूबाई यांनी जोडली आहे. विळ्याला लागते, काम झाल्यावर परत मिळावी.)